चौदा नंबरची मराठी

गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला चौथ्या मजल्यावरून फोन आला. चौदा नंबरच्या पेशंटची औषधाची ऑर्डर कॉम्प्युटरवर अडकली होती. "मॅडम, जरा वर येऊन बघता का?" आसावरीने कॉफी अर्धी तशीच ठेवली आणि ती निघाली. दोह्यातल्या त्या खासगी हॉस्पिटलात ती अकरा वर्षं फार्मासिस्ट होती. असे फोन रोजचेच.

लिफ्टमध्ये शिरल्यावर तिला आठवलं, चौदा म्हणजे शहाजीची खोली.

शहाजी घुगे बीडकडचा. क्रेन चालवायचा, बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहायचा. दोन महिन्यांपूर्वी पायाची जखम चिघळली म्हणून त्याला इथे आणलं होतं. मराठी बोलणारी बाई दिसल्यावर त्याला केवढा धीर आला होता. "ताई, पेनिसिलिन मला सोसत न्हाई. गावाकडं एकदा मरता मरता वाचलोय."

"फॉर्मवर लिहिलंय ना? मग कॉम्प्युटर अडवतोच. निवांत पडा."

डॉक्टरने पेनिसिलिनच लिहिलं, तेव्हा कॉम्प्युटरने अडवलंही होतं. ॲलर्जीची लाल चौकट पडद्यावर आली होती. पण तसल्या चौकटी दिवसाला दीडदोनशे यायच्या, बहुतेक बिनकामाच्या. न वाचताच बोट पुढे जायचं. फक्त एक कारण निवडावं लागे, आणि यादीत सगळ्यात वर होतं, 'नर्सने पेशंटला विचारून खात्री केली आहे.' आसावरीने तेच निवडलं. चाळीस मिनिटांत शहाजी गेला. चेहरा इतका सुजला होता की वसाहतीतल्या सोबत्यांना ओळखू येईना.

चौकशीत नर्स मैमुना रडत एकच सांगत राहिली, "मला कुणी विचारलंच नव्हतं."

"विचारलं होतं," आसावरी म्हणाली. "फोनवर."

आठ दिवसांत मैमुनाचं लायसन्स गेलं आणि तिची घरी रवानगी झाली. त्या रात्री आसावरीला शांत झोप लागली, हेही सांगायला हवं.

चौथ्या मजल्यावर दिवे लावलेले होते. बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं आणि काचांवर बारीक वाळू सारखी सरसरत होती. चौदा नंबरात ऊदाचा वास कोंडला होता. पलंगावर सुमैया नावाची ऐंशीची कतारी म्हातारी, न्यूमोनियाने खंगलेली. उशाशी तिची मुलगी नूरैन.

"तुम्ही इंडियन ना?" नूरैनने इंग्रजीत विचारलं. "आई सकाळपासून काहीतरी बडबडतेय. ही अरबी नाही. आणि तिला तर दुसरी भाषाच येत नाही."

म्हातारीचे ओठ हलले. आवाज तिचाच, कापरा, बारीक. पण हेल…

"ताई… सोसत न्हाई मला…"

आसावरीच्या हातातलं पेन खाली पडलं.

"तुम्हाला कळतं का हे?"

"नाही," आसावरी म्हणाली. "दुसरीच कुठली तरी भाषा दिसते."

म्हातारीने डोळे उघडले. सरळ तिच्याकडे पाहिलं.

"कळतंय तिला," ती मराठीत म्हणाली. "समदं कळतंय…"

आसावरी मागच्या मागे बाहेर आली. दारालगत कॉम्प्युटरची ट्रॉली होती. तिने सुमैयाची ऑर्डर उघडली आणि लाल चौकट आली. त्यात लिहिलं होतं: शहाजी घुगे. पेनिसिलिन. ॲलर्जी.

तिने चौकट बंद केली. ती परत आली. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. आत म्हातारी कण्हत होती. हे जाऊ दे, एवढंच आसावरीच्या डोक्यात होतं. समोरून हे जाऊ दे… तिने यादी उघडली, वरचं कारण निवडलं आणि बटण दाबलं. चौकट गेली. ऑर्डर हिरवी झाली.

आत नव्या नर्सने म्हातारीच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन केला. बीप वाजला.

तेव्हा कुठे आसावरीच्या ध्यानात आलं की कोणतं इंजेक्शन, कुणाला, हे आपण याही वेळी वाचलं नाही.

"थांब!" ती धावली. "देऊ नकोस!"

नर्स गोंधळून वळली. "सिस्टिमने तर ओके दिलंय, मॅडम…" तिच्या हातातली सिरिंज रिकामी होती.

म्हातारीचे ओठ सुजले, मग पापण्या, मग गळा. डॉक्टरांनी शिकस्त केली. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. शेवटी तो चेहरा सुमैयाचा आहे असंही म्हणवेना.

चौकशी झाली. सिस्टिमच्या नोंदींत लाल चौकट उमटल्याचं कुठेच नव्हतं. सुमैयाच्या फायलीत ॲलर्जी नव्हती, पेनिसिलिन तिने आधी कितीदा घेतलेलं होतं. कुणाचाच दोष नाही, असं ठरलं. आसावरीने सही केली. त्या संध्याकाळी बिन महमूद भागातल्या आपल्या घरी ती पोटभर जेवली.

चौथ्या दिवशी दुपारी नूरैन फार्मसीच्या खिडकीशी आली. डोळे सुजलेले, हातात फोन. तिच्या आवाजात राग मुळीच नव्हता.

"तुम्ही बाहेर गेलात तेव्हा मी आईचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. एका इंडियन माणसाला ऐकवलं. तो म्हणाला, ही मराठी आहे, पण मला येत नाही. तुम्हीही मराठीच आहात, असं इथे कळलं. त्या दिवशी घाईत तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल." तिने फोन पुढे केला. "तिचे शेवटचे शब्द आहेत. प्लीज, सांगाल मला?"

आधी वाळूची सरसर. मग म्हातारीचा आवाज, सावकाश, एकेक शब्द मोजल्यासारखा.

"अजून तिघं हायत… तिच्याच हातनं… मग तिची पाळी…"

नूरैन तिच्या तोंडाकडे बघत होती.

"दुवा मागतायत," आसावरी म्हणाली. "तुमच्यासाठी. लेकीला सुखात ठेव म्हणतायत."

नूरैनला हुंदका आला. तिने फोन छातीशी धरला. रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला, आणि मग तोच आवाज म्हणाला,

"दुवा मागतीय म्हनली ना? म्हननारच…"

मागोमाग हसू आलं. दबलेलं, लांबलचक.

नूरैनने डोळे पुसले. "आणि इथे?" तिने विचारलं. "इथे आई कशाला हसतेय?"