पन्ह्यातला बर्फ

ही घडलेली गोष्ट आहे. खोटी वाटत असेल तर असोद्याला जा आणि दिपमालाला तोंड उघडायला सांगा... समोरचे दोन दात नाहीत.

मागच्या मे महिन्यातली भर दुपार. ऊन सत्तेचाळीसवर.

दिपमाला जळगावच्या एका प्रयोगशाळेत दक्षिण ध्रुवावरचा बर्फ तपासायची. बर्फ फोडायचा आणि आत अडकलेली जुनी हवा मोजायची. तिथला फ्रीजर बंद पडला. बर्फ वितळला असता तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. म्हणून तिने बर्फाची पेटी सावद्याला काकांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आणली. खाली केळी, वर आइस्क्रीमवाल्यांसाठी उणे वीसची खोली. काकांचं नाव शालिग्राम, पण घरात सगळे नानाच म्हणायचे.

खोलीबाहेरच्या टेबलावर तिने एका तुकड्याची खराब कड कापून बाजूला सारली.

"हे फेकून राह्यली का पोरी?"

"फेकायचंच आहे, नाना."

नानांनी ती कड आपल्या पन्ह्याच्या ग्लासात टाकली. फुकटचं सोडतील ते नाना कसले!

बर्फ तडतडला.

"वीस हजार वर्षांपूर्वीची हवा सुटतेय ती," दिपमाला हसत म्हणाली.

"मंग तर प्यालंच पाहिजे."

नाना गटागटा प्यायले. ग्लास रिकामा झाला. तडतड मात्र थांबली नाही...

ती नानांच्या छातीतून येत होती.

नानांनी श्वास घेतला. आणखी घेतला. सोडलाच नाही. छाती फुगत गेली, सदऱ्याची बटणं तुटून उडाली...

कट्.

पहिली बरगडी मोडली.

कट्. कट्.

"नाना, श्वास सोडा," म्हणत दिपमाला धावली. त्यांनी तिचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा. रक्त पेटीतल्या बर्फावर उडालं. डोळे नानांचेच होते, घाबरलेले. हात कुणाचे होते, देव जाणे.

मग ते कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, बरगड्या आतून बाहेर मोडल्यात... आणि फुप्फुसांत हवाच नाही.

दिपमाला हट्टी. महिन्याभराने, प्रयोगशाळेतला फ्रीजर दुरुस्त झाल्यावर, तिने उरलेल्या दोन तुकड्यांतला एक फोडला. साध्या हवेच्या शंभर पट कार्बन डायऑक्साइड निघाला. माणसाने नुकत्याच सोडलेल्या श्वासात असतो तेवढा. यंत्राजवळ कैरी-वेलदोड्याचा वास आला... आणि मागून कुणीतरी तिचे केस ओढले.

आता एकच तुकडा उरलाय.

नानांची बायको, यशोदाकाकू, दर महिन्याला सावद्याहून येतात. "फोड न पोरी. त्यायचा जीव मोकळा कर."

दिपमाला हो म्हणते, पण हात लावत नाही. नाना सुटले तर त्यांच्यासोबत, त्यांचे हात चालवणारं ते दुसरंही सुटेल.

परवा दुपारी लाईट गेली. एक तास झाला, दोन झाले, चार झाले...

तिने फ्रीजरला कान लावला.

आत तडतड सुरू झाली होती.