ओटिलियाची रोजनिशी

मेधा आणि राघवला नीलिमाने दार उघडलं तेच रडवेल्या चेहऱ्याने. जर्मनीतल्या राजकुमारी ओटिलियाची दीडशे वर्षांपूर्वीची रोजनिशी नीलिमाच्या ऑस्ट्रेलियातल्या केलीव्हिलच्या घरातून काल नाहीशी झाली होती. ओळखीच्या एका ऑस्ट्रेलियन आजींनी ती तिला साधी पावतीही न घेता वाचायला दिली होती, आणि उद्या परत करायची होती.

"आजी मला चोर समजतील. आणि आपल्याला भावाने कोंडून ठेवून गादी सोडायला लावली, हे ओटिलियाने फक्त त्यातच लिहिलंय."

मेधा खासगी तपास करायची; राघव तिचा भागीदार, अंमळ सावकाश डोक्याचा. काल पाहुणे दोनच आले होते. जुन्या वस्तू ऑनलाइन विकणारा नीलिमाचा भाचा वरुण मोठी बॅग घेऊन आला होता, म्हणजे चोर तोच, असं राघवने मनोमन ठरवूनही टाकलं.

"अरे मेट, जाताना बॅग मामीनेच भरली," वरुण फोनवर फणकारला. "लोणच्याच्या बरणीसाठी सगळी रिकामी केली होती."

नीलिमाने मान डोलावली. राघवचा चोर निसटला.

दुसरी नीरजा, नीलिमाची मैत्रीण. ओटिलियाने प्रेमापायी राजीखुशीने गादी सोडली, असा प्रबंध तिने सहा वर्षं खपून लिहिला होता.

"चिवडा घेऊन आली होती," नीलिमाच्या सासूबाई विमलकाकू म्हणाल्या. "म्हटलं, डबा राहू दे, रिकामा कसा देऊ? तर मी लाडू आणेपर्यंत ही डबा घासून, कोरडा पुसून पसारसुद्धा."

क्वेकर्स हिलच्या घरी नीरजाने हसून दार उघडलं. काल लाडवांसाठीही का थांबली नाहीस, असं मेधाने विचारलं.

"घाई होती गं. आर्व्होला युनीत क्लास होता," विद्यापीठातला दुपारचा तास तिने पुढे केला.

"घाईतला माणूस डबा तिथेच टाकून पळतो," मेधा म्हणाली. "आपले डबे महिनामहिना दुसऱ्याकडे राहतात आणि भरून परत येतात. तुला घासायला वेळ होता, पुसायला होता, लाडवांसाठी थांबायला नव्हता. कारण लाडू घालायला काकूंनी झाकण उघडलं असतं. कोरडा पुसलास तो आत जुना कागद जायचा होता म्हणून. रोजनिशी गेली की तुझा प्रबंध खोटा पाडणारं काही उरत नव्हतं."

नीरजाने आतून रोजनिशीचा डबा आणून टेबलावर ठेवला.

"जाळणार होते. आधी वाचून तरी बघू म्हटलं. सहा वर्षं मी तिच्या भावाचंच म्हणणं लिहीत होते, मेधा."

राघवला तिचा राग यायला हवा होता. आली ती कीव.

"नीलिमाला तूच सांग," मेधाने तिच्यापुढे फोन सरकवला.

"नीलू," नीरजा म्हणाली, "तुझी राजकुमारी खरं बोलत होती."