त्याच्याही दोन घंट्या

कश्मिरा पेंढारकर त्या खोलीत शिरली ती निव्वळ चुकून. सेंदाईच्या त्या नागरी केंद्रात तिचा जपानीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरायचा. पण नोव्हेंबरच्या बोचऱ्या वाऱ्यातून उशीर झाला म्हणून धावत आलेली ही पोरगी पहिल्याच मजल्यावर वळली आणि दार सरकवून मोकळी झाली. आत दहा-बारा मुलंमुली पांढरे हातमोजे घालून एका लांबलचक टेबलामागे उभी होती. टेबलावर जाड गादी आणि गादीवर ओळीने मांडलेल्या, लाकडी मुठींच्या चकचकीत पितळी घंट्या. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या केसांच्या एका ठेंगण्या बाईंनी हसून तिला काहीतरी विचारलं.

"हाय," कश्मिरा म्हणाली.

हाय म्हणजे हो. आठ महिन्यांत तिच्या जिभेवर नीट बसलेला हा एकच शब्द. दुकानात पिशवी हवी का विचारलं तरी हाय, पिशवी नको का विचारलं तरी हाय. त्यामुळे पेंढारकरांच्या घरात नको असलेल्या पिशव्यांचा ढीग साठला होता, पण निदान कुणाचा अपमान तरी होत नव्हता. ठेंगण्या बाई पुढे बरंच काही बोलल्या. नाव विचारलं तेवढं कळलं, ते कश्मिराने आडनावासकट सांगितलं, बाकी दर वाक्याला मान लववून हाय म्हणत राहिली. भानावर आली तेव्हा तिच्या हातात मोजे होते, मोज्यांत दोन घंट्या होत्या, आणि ती टेबलामागे उभी होती.

"तू कशाकशाला हो म्हणालीस, कळलं का तुला?" शेजारून कुणीतरी चक्क मराठीत विचारलं.

तिच्या हातातली घंटी खणकन वाजली. शेजारी एक उंच मुलगा होता. चष्मा नाकावर घसरलेला, डाव्या बाहीला पिठाचा डाग, आणि हसू ओठांत दाबून धरलेलं...

"मराठी?" तिला एवढंच सुचलं.

"घरची. थोडी तुटकी आहे." मग तो एकेक बोट दुमडत मोजायला लागला. "दर रविवारी प्रॅक्टिस. एका शनिवारी बिस्किटं करायची. एकदा सगळ्यांनी मिळून दिव्यांची झाडं बघायला जायचं. आणि तेवीस डिसेंबरला कार्यक्रम, तो सांताच्या टोपीत."

"टोपीलाही हो म्हणाले मी?"

"दोनदा," तो म्हणाला, आणि मग त्याला हसू आवरलं नाही.

तो रणजित साठ्ये. वय एकोणीस. पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर सेंदाईला आला आणि इथलाच झाला. आता विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता आणि सुट्टीच्या दिवशी एका केकच्या दुकानात काम करायचा, पिठाचा डाग तिथला. त्याच्या मराठीत आदरार्थी बहुवचन नावालाही नव्हतं. देवापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे. ठेंगण्या बाई म्हणजे किमुरा सेन्सेई, शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत शिक्षिका. दर नाताळाला त्या अशी पोरं गोळा करून हँडबेल वाजवायला शिकवायच्या.

हँडबेलची गंमत अशी, की प्रत्येकाच्या वाट्याला फक्त दोन सूर. आपला सूर आला की घंटी हलवायची, नाहीतर गप्प उभं राहायचं. एकटं कुणी काही वाजवू शकत नाही, आणि एक जण कमी पडला तर धुनेत भोकं पडतात. कश्मिरा लहानपणी तीन वर्षं पेटी शिकली होती. घंट्यांवरची इंग्रजी अक्षरं तिने मनातल्या मनात सरगमात बसवली. तिच्या वाट्याला म आणि प आले. शेजारी रणजितकडे ध आणि नी.

खरं तर तिला यातलं काही नकोच होतं. बाबा, मोहन पेंढारकर, धातूंवर संशोधन करायला तीन वर्षांच्या करारावर आले आणि बारावी झालेल्या लेकीलाही घेऊन आले. इथे जपानी शिकून विद्यापीठाची परीक्षा द्यायची, असा बेत. पण आठ महिन्यांत तिला एकही मैत्रीण मिळाली नव्हती. पुण्याला जयमालाआत्याने खोली तयार ठेवली होती. जानेवारीत तिकडे जाऊन प्रवेश परीक्षेची तयारी करायची, असं कश्मिराच्या मनात पक्कं होत आलं होतं. बाबांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, तेवीस डिसेंबरला सुट्टी आहे, त्या दिवशी सांग, मग तिकीट काढू.

आणि त्या महिन्यातच नेमकी मजा यायला लागली! जपानीचा वर्ग तिने रविवारचा बुधवारी करून घेतला. म्हणजे, रणजितने फोन करून बदलून दिला. बिस्किटांच्या शनिवारी तिची आई सुचित्रा नानकटाई घेऊन हजर झाली. घरी ओव्हन नव्हता, म्हणून जपानी शेगडीखालच्या मासे भाजायच्या खणात तिने ती भाजली होती. अख्ख्या इमारतीत एकही मासा न शिरलेला तो एकमेव खण असावा. नानकटाई दहा मिनिटांत संपली, आणि मिझुकी नावाच्या मुलीने कश्मिराला जवळ बसवून कृती लिहून घेतली. एकीचं चित्र, दुसरीचा शब्द, असं तासभर चाललं. शेवटी दोघी पोट धरून हसत होत्या.

दिवे बघायला गेले तेव्हा तर जोझेन्जी रस्त्यावरचं एकूण एक झाड उजळलं होतं. बर्फ भुरभुरत होता, कश्मिराच्या पापण्यांवर बसत होता... सगळे पुढे गेले आणि हे दोघं मागे राहिले. मुद्दाम नव्हे, असं दोघांनीही स्वतःला सांगितलं.

"तू बोलतेस तेव्हा वर बघतेस," रणजित म्हणाला.

"दिवे बघायलाच आलोय ना?"

"हो. मी सांगतोय फक्त."

"तू मग काय बघतोयस?"

रणजितचा चष्मा धुकाळला होता, तो पुसायला त्याला बराच वेळ लागला.

घोळ झाला तो पंधरा तारखेच्या प्रॅक्टिसला. सुचित्राने सांगितलं होतं, त्या साठ्यांच्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना चोवीसला संध्याकाळी मसालेभाताला बोलाव. कश्मिराने रात्रभर घोकून वाक्य बसवलं. आपलं जपानी सगळ्यांनी ऐकावं, ही हौसही होतीच. प्रॅक्टिस संपता संपता, भर खोलीत, तिने खणखणीत आवाजात विचारलं, चोवीस तारखेच्या संध्याकाळी तू मोकळा आहेस का.

कुणाची तरी घंटी गादीवर पडली. मिझुकीने दोन्ही पांढरे मोजे तोंडावर दाबले. किमुरा सेन्सेई खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारख्या बघायला लागल्या. रणजितचे कान लालबुंद झाले.

सायकली काढताना त्याने सांगितलं. इथे चोवीसची संध्याकाळ जोडप्यांची. ती कुणाबरोबर घालवणार, हे विचारणं म्हणजेच... विचारणं.

कश्मिराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती भराभरा सांगत सुटली, की आईने सांगितलं होतं, मसालेभात आहे, तुझे आईबाबाही आहेत त्यात, आमच्याकडे चोवीस तारीख म्हणजे नुसती चोवीस तारीख.

"म्हणजे तुला तसं म्हणायचं नव्हतं," रणजित म्हणाला. तो सायकलच्या कुलपाकडे बघत होता. "नव्हतं ना?"

"नव्हतं," ती म्हणाली. "अजिबात नव्हतं."

"बरं," तो म्हणाला. आणि सायकलवर बसून गेला.

आठ महिने भेटेल त्या गोष्टीला हो म्हणत आलेली ही मुलगी नेमकं तिथे नाही म्हणाली. घरी येऊन ती तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिली. आपण खोटं बोललो, हे तिला जिना चढतानाच कळलं होतं. पुढच्या रविवारी दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, घंट्या वाजवल्या आणि कामापुरतं बोलले. त्याच्या हातांकडे मात्र ती बघतच राहिली. सवयच लागली होती. ध येण्याआधी त्याचा उजवा अंगठा मुठीवर किंचित सरकायचा. लांब नी असला की तो घंटी वाजवून हळूच छातीशी आणायचा, एखादं मांजर जवळ घ्यावं तशी.

तेवीसला सकाळपासून बर्फ होता. कार्यक्रम शहराच्या कडेच्या वस्तीत होता. त्सुनामीत घरं वाहून गेलेली माणसं तिथल्या तात्पुरत्या घरांत तिसरा हिवाळा काढत होती. बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत तिथल्याच एक सातो आजी मांडीवर घोंगडी घेऊन कधीच्या येऊन बसल्या होत्या. कश्मिराचे आईबाबा मागे उभे होते. रणजित दुकानातून सगळ्यांसाठी केक घेऊन परस्पर येणार होता. दोनला पंधरा मिनिटं असताना त्याचा निरोप आला की बस बर्फात अडकली आहे, उतरून चालत येतोय.

जपानात दोनचा कार्यक्रम म्हणजे दोनचाच. सेन्सेईंनी घड्याळाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. सगळ्यांचे हात आपापल्या घंट्यांनी भरलेले, आणि रणजितच्या दोन घंट्या गादीवर पडलेल्या. सूर लिहिलेला त्याचा कागदही त्याच्याच खिशात. सेन्सेई हळू आवाजात म्हणाल्या, ते सूर गाळूनच वाजवू या.

ते सूर गेले तर त्या संथ, जुन्या धुनेत काय उरणार होतं, हे कश्मिराला माहीत होतं. महिनाभर ती तेच ऐकत होती. तिने हात वर केला. आणि कुणाच्याही मदतीशिवाय, एक एक शब्द जुळवत, जपानीत म्हणाली, त्याच्या दोन मी वाजवते.

सेन्सेईंनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि मान डोलावली. धून सुरू झाली. म वाजवून ती घंटी खाली ठेवायची, ध उचलायची, वाजवायची, ठेवायची, पुन्हा प. पहिल्या ओळीला तिची त्रेधा उडाली, टोपी कपाळावर आली. दुसऱ्या ओळीपासून ती विचार करायची थांबली. डोळ्यांसमोर त्याचा अंगठा सरकताना दिसला की तिचा हात आपोआप जात होता. शेवटचा लांब नी तिने वाजवला आणि घंटी त्याच्यासारखीच छातीशी आणली. एकही सूर सुटला नव्हता. सातो आजी डोळे मिटून बसल्या होत्या, मग उघडून टाळ्या वाजवायला लागल्या, आणि सगळी खोली उठून उभी राहिली. मिझुकी कश्मिराच्या गळ्यातच पडली.

तेव्हा तिला तो दिसला. दाराशी, खांद्यांवर बर्फ, हातांत केकचं भलंमोठं खोकं. किती वेळ उभा होता कोण जाणे.

तो टेबलापाशी आला. "माझे सूर तुला कसे येतात?"

"महिनाभर मी माझा कागद बघतच नव्हते," ती म्हणाली. "तुझे हात बघत होते. आणि त्या दिवशी सायकलींपाशी मी नाही म्हणाले ना, ते साफ खोटं होतं."

तेवढ्यात मोहनराव गर्दीतून वाट काढत पोहोचले. लेकीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, झकास वाजवलंस. मग जरा घुटमळून, "आज तेवीस आहे गं. तिकिटाचं काय करू?"

"काढू नका, बाबा. मी राहणार आहे."

"अगं, पण एकाएकी काय झालं?" सुचित्राने विचारलं.

"ते याला विचार."

आता तिघं रणजितकडे बघत होते.

"काका, मला ही फार आवडते," तो म्हणाला. "पहिल्या रविवारपासून. पण हे आधी तुला सांगायचं असतं की हिला, ते मला माहीत नाही."

मोहनरावांनी सुचित्राकडे पाहिलं. सुचित्रा पदर तोंडाला लावायला गेली, आणि आपण जाडजूड कोट घातलाय हे तिच्या लक्षात आलं.

"हिला रे बाबा, आधी हिला," मोहनराव म्हणाले. "आण तो केक इकडे. हात मोकळे कर." त्यांनी खोकं काढून घेतलं आणि बायकोला खुणावून चहाच्या टेबलाकडे निघून गेले.

मोकळ्या हातांचं काय करावं, हे रणजितला कळेना. शेवटी त्याने कश्मिराची कपाळावर आलेली टोपी दोन बोटांनी सरळ केली.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. मराठीत, एकही शब्द न तुटता.

"मलाही तू," कश्मिरा म्हणाली.

समोरून सातो आजींनी काहीतरी फर्मावलं आणि खोलीत हशा उसळला. पुन्हा एकदा वाजवा म्हणतात, रणजितने सांगितलं. या वेळी सगळ्या माणसांनिशी.

सगळे जागेवर गेले. रणजितने मोजे चढवून आपल्या घंट्या उचलल्या. कश्मिराच्या हातांत आता फक्त म आणि प होते. काम निम्म्यावर आलं होतं, त्यामुळे शेजारी बघायला तिला भरपूर वेळ होता, आणि ती अगदी उघड उघड, आईबाबांच्या देखत बघत राहिली. पहिला म तिने एक मात्रा उशिरा वाजवला. सेन्सेईंना तो ऐकू गेला, पण त्या काही बोलल्या नाहीत.