बघतोयच की, बाबा

सोनून आपाने सकाळी लेकाला बाजारात पिटाळलं ते एका दोरीसाठी. काळ्या नि पांढऱ्या लोकरीची, पीळ घातलेली, हातभर दोरी. नातीच्या पायांना ती बांधायची, गावातल्या पोरांची शर्यत लावायची, जो पहिला येईल त्याने ती कापायची आणि मग लेकराने पहिलं पाऊल टाकायचं. एवढ्यासाठीच तर मेंढी कापली होती, कणकेचे बोरसोक तळता तळता आपाचे हात पोळले होते, आणि अख्खं किझिल-बुलाक गाव अंगणात चहा ढोसत बसलं होतं.

लेक परत आला. उलारबेक त्याचं नाव. त्याने कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या आणल्या, मेमरी कार्ड आणलं, काच पुसायचं मऊ फडकं आणलं.

"आणि दोरी?" आपाने विचारलं.

"दोरी..." उलारबेकने कपाळावर हात मारला. "आपा, आज तलावावर ऊन असं काही पडलं होतं! टिपत बसलो आणि..."

"डोकं तरी आणलंस का घरी, का तेही तिकडेच?"

माणूस गुणी हो, पण डोळ्याला कॅमेरा चिकटलेला. तलावाच्या या काठची लग्नं तोच टिपायचा. ते पोटासाठी, ते ठीक. पण स्वतःच्या लग्नातसुद्धा नवरदेव शिडीवर चढून बसला होता! नवरीच्या तोंडावरचा पडदा उचलायची वेळ आली तेव्हा चौघांनी त्याला खाली ओढला, आणि नाइलाजाने त्याने कॅमेरा बापाच्या हाती दिला. बाप असनकूल म्हणजे जन्मभर घोडे सांभाळलेला माणूस. त्याने कॅमेरा लगामासारखा आवळून धरला. त्या फिल्ममध्ये सून दिसते थोडी आणि सासऱ्याचा अंगठाच दिसतो फार. हातोडीखाली सापडून चपटा झालेला, मधोमध चिरलेल्या नखाचा. "माझ्या नवऱ्याचं लग्न त्या अंगठ्याशी लागलंय," असं त्याची बायको मेरिम अजून म्हणते.

असनकूल गेल्या हिवाळ्यात गेला. शेवटच्या दुपारी त्याने लेकाला जवळ बोलावलं. म्हणाला, "इकडे बघ रे."

"बघतोयच की, बाबा. बोला तुम्ही," उलारबेक म्हणाला. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्यात.

म्हाताऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ती फिल्म उलारबेकने परत कधी लावली नाही.

असो. पाहुणे खोळंबले होते. आपा तबेल्यात गेली. तिथे खुंटीला नवऱ्याचं खोगीर टांगलेलं होतं आणि त्यावर त्याने स्वतः वळलेली दोरी. काळी-पांढरी, हवी तशीच. आपाने हातभर कापून घेतली.

शेजारच्या बुरुल म्हातारीने ती पाहिली आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. "सोनून, ही असनकूलच्या हातची ना? गेलेल्या माणसाचा पीळ लेकराच्या पायात घालू नये गं. ओढ लागते."

"कुणाला? तिला का त्याला?"

"ते बांधल्यावर कळतं."

"मग कळू दे. लेकाला काम सांगून होत नाही, मेलेल्या नवऱ्यालाच जुंपावं लागतं. काय करू!" आपाने गाठ मारून टाकली.

छोटी आयपेरी बांधलेल्या पायांनी चटईवर उभी राहिली, आईच्या बोटाला धरून. समोर उलारबेक, कानाला हेडफोन, डोळ्याला कॅमेरा.

"आज तरी तो खाली ठेव," मेरिम हळूच म्हणाली. "तिचा पहिला दात तू कॉम्प्युटरवर पाहिलास. तिला वाटतं तिच्या बापाला एकच डोळा आहे, काळा, गोल आणि काचेचा."

"अगं, पहिलं पाऊल एकदाच पडतं! हुकलं तर?"

"तेच सांगतेय मी."

पण ऐकेल तो उलारबेक कसला! त्याने शर्यत लावली. पोरं सुटली आणि मध्येच गाय आली. "पुन्हा!" पोरं पुन्हा पळाली, तर याची बॅटरी संपली. "पुन्हा!" तिसऱ्यांदा पोरं धापा टाकत निघाली, आणि ऐन वेळी कॅमेऱ्यापुढे कुणीतरी येऊन उभं राहिलं. रुंद पाठ, डोक्यावर पांढरी लोकरी नमद्याची टोपी, आणि भर उन्हाळ्यात अंगात जाड, कापूस भरलेला कोट.

"अहो काका, बाजूला व्हा ना जरा!"

पाठ हलली नाही.

"काका! ऐकू येत नाही का?"

"कुणाशी बोलतोयस?" मेरिमने विचारलं.

उलारबेकने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. समोर मोकळी चटई, लेक, बायको. मध्ये कुणी नाही. त्याने पुन्हा डोळा लावला. पाठ होती तिथेच. आता कोटाच्या डाव्या खांद्यावर चुलीच्या ठिणगीने जळलेलं भोकही दिसत होतं, आणि त्यातून बाहेर आलेला कापूस. तो कोट तर बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच आपाने खिंडीपलीकडच्या धनगराला देऊन टाकला होता...

अंगणात मटणाचा वास होता, तळणाचा होता. त्यात आता घोड्याच्या घामाचा आणि कडू तंबाखूचा वास मिसळला.

तेवढ्यात एक लुकडी पोरगी पहिली आली आणि तिने कात्रीने कचकन दोरी कापली. लोक ओरडले. मेरिमने बोट सोडवून घेतलं. आयपेरी एकटी उभी राहिली, डुलत डुलत.

"बाप बोलवू दे तिला, बाप!" बुरुल ओरडली.

"आयपेरी... इकडे... कॅमेऱ्यात बघ..." उलारबेकच्या तोंडून कसंबसं निघालं.

आयपेरीने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. ती पाहत होती त्याच्या बऱ्याच अलीकडे, चटईच्या कडेला, जिथे काहीच नव्हतं. कॅमेऱ्यात मात्र ती रुंद पाठ हळूहळू वाकली. म्हातारा उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हात पसरले.

आयपेरी खुदकन हसली. आणि तिने पाऊल उचललं.

लोक टाळ्या पिटत होते. त्यांना काय, पोर चालली एवढंच दिसत होतं! हेडफोनमध्ये मात्र टाळ्या नव्हत्या. तिथे दम्याचा श्वास होता, शीळ घातल्यासारखा. आणि मग अगदी कानाशी, "इकडे बघ रे..."

टोपी वळायला लागली. आधी कान दिसला, मग पांढरी दाढी. अजून एवढंसं, आणि बापाचा चेहरा दिसणार होता. त्या दुपारी भिंतीकडे फिरलेला तोच चेहरा. उलारबेकला तो हवा होता. जीव जाईल असं वाटण्याइतका हवा होता. आणि त्या चेहऱ्यामागून त्याची लेक येत होती, दुसरं पाऊल, तिसरं, मृत माणसाच्या मिठीकडे.

उलारबेकने कॅमेरा फेकला. हेडफोन ओढून काढला, गुडघ्यांवर पडला आणि हात पसरले.

आयपेरी थबकली. या माणसाला आधी कुठे पाहिलंय, असं तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग तिने त्याच्या दोन्ही डोळ्यांकडे आळीपाळीने बघून घेतलं, एकाला दोन निघाले म्हणून की काय, जोरात हसली आणि धपकन त्याच्या छातीवर आली. तिच्या नाकावर पीठ होतं. डाव्या गालावर एक बारीक तीळ होता. वर्षभर रोज टिपलेल्या लेकीला तीळ आहे, हे त्याला आज कळलं. तो रडायला लागला, चारचौघांत, मोठ्याने.

"आता हे कोण टिपणार?" मेरिम म्हणाली. पण तिचेही डोळे भरले होते.

पाहुणे पांगल्यावर कॅमेरा गवतात सापडला, पडला होता तिथेच. संध्याकाळी त्यांनी तो टीव्हीला जोडला. शर्यतीत गाय दिसली, पोरं दिसली. रुंद पाठ कुठेच नव्हती. नुसती आयपेरी रिकाम्या जागेकडे चालत होती. मग सगळं गरगरलं आणि आडवं गवत दिसायला लागलं.

"संपलं," उलारबेक म्हणाला आणि त्याला हायसं वाटलं.

पण गवत खाली गेलं. कुणीतरी कॅमेरा उचलला होता. चित्र हेलकावलं, मग उलारबेक आणि त्याच्या मिठीतली आयपेरी समोर आली. तो रडतोय, ती त्याचं नाक ओढतेय.

"कुणी काढलं हे?" मेरिमने विचारलं.

उलारबेकने घाईघाईने चित्र थांबवलं. पडद्याच्या कोपऱ्यातून आत आलेला, आयपेरीचा अर्धा चेहरा झाकणारा एक चपटा अंगठा होता. नख मधोमध चिरलेलं.

सोनून आपा उठली, टीव्हीजवळ गेली आणि चाळीस वर्षं ज्या सुरात नवऱ्यावर खेकसत आली होती त्याच सुरात म्हणाली, "अहो, अंगठा काढा तो! पोर झाकली जातेय."

आणि थांबवलेल्या चित्रात अंगठा हळूच बाजूला झाला.