मिस व्हर्नाच्या चरातला हिरवा रंग

"या वर्षी तू विश्रांती घे," असं चर्चच्या बायकांनी मिस व्हर्ना मेसिकला फोनवर सांगितलं, आणि त्याच दुपारी ती हेस्टर नॉकच्या दारात येऊन उभी राहिली.

फेब्रुवारीतल्या चर्चच्या जेवणाला कालवांची भजी तळायची ती व्हर्नानंच, हे टिबट खाडीवर इतकं ठरलेलं होतं की तिला कुणी कधी विचारायलाही येत नसे. तिचा नवरा नॉरिस कालवं काढून आणायचा, ती तळायची. (तिकडे वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, 'मिस'च म्हणायची रीत होती.) नॉरिस जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तळणं थांबलं नव्हतं. आता बायकांना तिच्या हातचं नको होतं, कारण तिच्या संडासाच्या टाकीनं खाडी नासवली, असं सगळीकडे झालं होतं.

हार्लन शोर्सनं तिला खुर्ची दिली. हार्लन म्हणजे हेस्टरच्या दिवंगत बहिणीचा नवरा, निवृत्त पोस्टमन. हेस्टर पूर्वी एका विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधून काढायची. आता स्वतःच तपासाची कामं घ्यायची. गाडी चालवायला आणि चुकीचे तर्क लढवायला हार्लन बरोबर असायचा. यातलं दुसरं काम तो विशेष मनापासून करायचा.

व्हर्नानं सांगितलं ते असं. खाडीचं पाणी सुधारावं म्हणून काउंटीनं जुन्या सेप्टिक टाक्या बदलायला अनुदान सुरू केलं होतं. टाकी झिरपत असेल तर सगळी नवी यंत्रणा सरकारी खर्चानं आणि लगेच. नुसतीच जुनी असेल तर रांगेत थांबायचं. कुणाची झिरपते ते कळावं म्हणून आरोग्य खात्याची निरीक्षक काठावरच्या घराघरात जाऊन संडासात हिरवा रंग टाकायची आणि मग खाडीवर नजर ठेवायची. ती एका गुरुवारी सकाळी व्हर्नाकडे येऊन गेली. शुक्रवारी उजाडताच व्हर्नाच्या अंगणामागचा चर जिथे खाडीला मिळतो, तिथलं पाणी हिरवंगार दिसलं. पुढच्या आठवड्यात खाडीत कालवं काढायला बंदी आली.

"ते पाणी तुम्ही स्वतः पाहिलंत, मिस व्हर्ना?"

"मी कुठली पाहतेय? ती मुलगी रंग टाकून गेली आणि तासाभरात माझ्या लेकीचा फोन. नातू तापानं फणफणलेला. ती सॉल्सबरीहून गाडी घेऊन आली आणि मला घेऊन गेली. माझी गाडी राहिली अंगणातच. जाताना पंप बंद केला, नळ उघडे ठेवले, स्वयंपाकघरातला दिवा लावला. नॉरिसची शिस्त. थंडीत घर सोडायचं तर पाईपात थेंब राहता कामा नये, गोठून फुटतात. रविवारी परत आले, तर चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसायला तयार नाही."

मग तिनं मान खाली घालून दुसरी गोष्ट सांगितली. शेजारचा ऑल्सन तिचं घर विकत मागत होता, त्याला ती इतकी वर्षं नाही म्हणत आली होती. परवाच्या सोमवारी तिनं सही करून टाकली. अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग आता तपास कशाला?" हार्लननं विचारलं. हे विचारायला नको होतं, हे त्याला हेस्टरच्या नजरेवरून कळलं.

"जाण्याआधी मला एवढंच कळू दे, की ती घाण माझी होती का," व्हर्ना म्हणाली. "नॉरिसनं जन्मभर त्याच खाडीतलं काढून लोकांना खाऊ घातलं. मी जर त्यात घाण सोडली असेल, तर त्याच्या थडग्यापुढे कुठल्या तोंडानं उभी राहू?"

हेस्टरनं काम घेतलं.

पहिली गाठ आरोग्य निरीक्षकाची. जॅनेल क्रॉकेट ही तरुण, सरळ मुलगी होती, आणि या प्रकरणानं तिचीच झोप उडालेली दिसत होती. आपण एकच गोळी टाकली होती, घरात रोजच्यासारखं पाणी वापरा म्हणूनही बजावलं होतं, असं ती म्हणाली. फुटक्या टाकीचा रंग एरवी अंधुक दिसतो, तोही काही दिवसांनी. इथे दुसऱ्याच दिवशी असा झगझगीत, की खात्याच्या होडीतून लांबूनच दिसला.

"हा रंग काही विषारी नाही," ती म्हणाली. "समुद्रात कुणी पडलं तर विमानातून दिसावं म्हणून खलाशी पाण्यात सोडतात ना, तोच. पण नियम सरळ आहे. रंग दिसला की टाकी झिरपते. मी दुसरं काय लिहिणार?"

"काहीच नाही," हेस्टर म्हणाली. "फक्त आज तिच्याकडे जाऊन आणखी एक गोळी टाक. या वेळी लाल. आणि हे तुझ्या-माझ्यात राहू दे."

दुसरा डेल ट्विली. काठावरच्या निम्म्या टाक्या त्यानं पुरलेल्या, आणि आता नव्या यंत्रणाही तोच बसवत होता. हार्लनला तो पाहताक्षणी गुन्हेगार वाटला, कारण अनुदान मिळालं की काम त्याच्याकडेच येणार. डेलनं त्याच्या मनातलं ओळखलं आणि खो-खो हसला.

"पोस्टमनसाहेब, मला कामासाठी खाडीत रंग ओतायची गरज पडावी? पुढच्या हिवाळ्यापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. त्या गुरुवारी दुपारी मी मिस व्हर्नाकडे टाकी बघायला गेलो होतो, दार ठोकून ठोकून हात दुखले. दिवा चालू, पण पंपाची घरघर नाही. म्हटलं, गेलेली दिसते लेकीकडे. आणि खरं सांगू का? तिची टाकी जुनी आहे, पण नॉरिसनं ती बांधून घेतली होती पक्की. झिरपेल असं मला वाटलं नव्हतं."

तिथून ती दोघं चरावर गेली. ओहोटी होती. हेस्टर काठावर थांबली. हार्लन उत्साहानं पुढे गेला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. पाय निघाला, बूट आतच राहिला. हेस्टरनं बुटाबद्दल दुःख व्यक्त केलं आणि म्हणाली, चराच्या तोंडाशी चालत जाता येत नाही एवढं तरी कळलं.

ऑल्सन वॉशिंग्टनचा वकील, शेजारी त्याचं सुटीचं घर. त्यानं कॉफी दिली, बिस्किटं दिली आणि आपल्याला व्हर्नाची जागा कशी पहिल्यापासून हवी होती तेही न लाजता सांगितलं. त्या गुरुवारी तो तिथेच होता. व्हर्नाची लेक आली, व्हर्ना बॅग घेऊन गाडीत बसली, त्यानं हातही हलवला. त्याची होडी अंगणात लाकडी टेकूंवर चढवून पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. ती नोव्हेंबरपासून पाण्याला लागलेली नव्हती.

"हाच तो," हार्लन गाडीत बसता बसता म्हणाला. "फायदा कुणाचा झाला बघ ना."

"नवे बूट घे आधी," हेस्टर म्हणाली.

शेवटचा कॅप्टन एलवुड डाइझ. हा नॉरिसचा होडीवरचा भागीदार. लग्न केलं नाही, घर खाडीच्या आतल्या टोकाला, बोलणं मोजकंच. नॉरिस गेल्यापासून दर शनिवारी तो व्हर्नाच्या पायरीवर कालवांची टोपली ठेवून यायचा आणि दार उघडायच्या आत निघूनही जायचा. बंदी आल्यावर त्याचंही काम बसलं होतं, तरी त्यानं कुरकुर केली नाही. खाडी दाखवायला म्हणून त्यानं दोघांना होडीत घेतलं.

वारा झोंबत होता. हेस्टरला पांघरायला काही मिळेल का म्हणून हार्लननं बाकाखालची केशरी पेटी उघडली. ती निघाली संकटाच्या वेळची पेटी. आत धुराच्या नळकांड्या, आरसा आणि शिट्टी एवढंच होतं. त्यानं ती बंद केली आणि आपलाच कोट काढून हेस्टरला दिला.

"व्हर्नाला कुणी दोष देऊ नये," एलवुड सुकाणूवरून म्हणाला. "टाकी जुनी होणारच. आता तिला नवी मिळेल, पहिल्या नंबरात. ऑक्टोबरात चर्चमध्ये म्हणत होती, नव्या टाकीचा खर्च झेपायचा नाही, ऑल्सनला देऊन टाकावं घर. आता तो प्रश्नच मिटला."

"त्या गुरुवारी संध्याकाळी तुम्ही इकडे आला होता का?"

"भरतीबरोबर घरी जात होतो. तिच्या स्वयंपाकघरात दिवा होता. रांधत असेल काहीतरी."

हेस्टर हळू आवाजात म्हणाली, "कॅप्टन, तिनं घर विकलं. सोमवारी सही झाली."

एलवुडनं इंजिन बंद केलं. का केलं ते त्यालाही कळलं नसावं. होडी आपली वाहत चालली आणि तो पाठमोरा उभा राहिला. मग इंजिन पुन्हा चालू करून त्यानं दोघांना धक्क्याला आणून सोडलं. हार्लनला वाटलं, जुना माणूस, वाईट वाटणारच.

जॅनेलचा फोन येईपर्यंत आठवडा गेला. दुसऱ्या दिवशी हेस्टरनं व्हर्नाच्या स्वयंपाकघरात एलवुडला बोलावून घेतलं. निम्मं सामान खोक्यांत गेलेलं होतं. चार माणसांना बसायला तीनच खुर्च्या उरल्या होत्या, म्हणून हार्लन खिडकीशी उभा राहिला.

"मिस व्हर्ना, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर," हेस्टर म्हणाली. "घाण तुमची नव्हती. जॅनेलनं आठवड्यापूर्वी तुमच्याकडे लाल गोळी टाकली, तुम्ही रोज पाणी वापरलंत, आणि ती रोज चर बघून गेली. लाल ठिपकाही दिसला नाही. तुमची टाकी झिरपत नाही."

व्हर्नानं दोन्ही हात तोंडावर धरले. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

"मग हिरवं पाणी?" हार्लनला राहवेना.

"तेच सांगते. टाकीत वरून नवीन पाणी आलं तरच आतलं बाहेर ढकललं जातं. गुरुवारी सकाळी रंग पडला, तासाभरानं पंप बंद झाला आणि रविवारपर्यंत या घरात थेंबही वाहिला नाही. रंग टाकीत बसून राहिला. म्हणजे शुक्रवारचा हिरवा रंग घरातून आलाच नाही, कुणीतरी चराच्या तोंडाशी आणून सोडला. चालत तिथे जाता येत नाही, हे हार्लनच्या बुटानं सिद्ध केलं. म्हणजे होडीतून."

"ऑल्सन," हार्लन म्हणाला.

"ऑल्सनची होडी नोव्हेंबरपासून गुंडाळलेली आहे. शिवाय त्यानं हिला बॅग घेऊन जाताना पाहिलं होतं. डेलनं पंप बंद असल्याचं ऐकलं होतं. घर रिकामं आहे हे ज्याला माहीत आहे, तो नेमका त्याच संध्याकाळी हा उद्योग कशाला करेल? ती परत येईपर्यंत थांबेल. हे काम अशा माणसाचं, ज्याला ती घरीच आहे असं वाटत होतं. गाडी अंगणात पाहून, दिवा पाहून. आणि जॅनेल? तिच्याकडे डबाभर रंग असतो, पण यात तिचा फायदा काय? उलट त्या अहवालानं तिचीच झोप उडाली होती."

हार्लनला आता केशरी पेटी आठवली. नळकांड्या, आरसा, शिट्टी. त्याच्या स्वतःच्या होडीतल्या पेटीत चौथी वस्तू होती, रंगाची पुडी. त्यानं एलवुडकडे पाहिलं.

"मी रागानं विचारत नाही, कॅप्टन," हेस्टर म्हणाली.

एलवुडनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "झिरपणाऱ्या टाकीला लगेच नवी मिळते," तो म्हणाला. "नुसत्या जुन्या टाकीला रांग. रांगेत तिचा नंबर येईपर्यंत ती घर विकून गेली असती. सकाळी ती रंगवाली मुलगी तिच्याकडे गेलेली पाहिली, म्हणून संध्याकाळी पेटीतला रंग चरात सोडला. म्हटलं, एक हंगाम खाडी बंद राहील, माझंच नुकसान होईल, ते मी सोसतो. व्हर्ना राहील. बायका तिच्या हातचं नको म्हणतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाशपथ नाही आलं."

"काल पत्र आलं," व्हर्ना म्हणाली. "अनुदान मंजूर झालंय."

एलवुडनं टोपी उचलली.

"मी आज काउंटीत जाऊन सांगतो," एलवुड म्हणाला. "माझा परवाना गेला तर जाऊ दे. आणि ऑल्सनशीही बोलतो. तो सोडेल करार."

"ऑल्सन सोडेल. भला माणूस आहे तो. मीच राहणार नाही." तिचा आवाज चढला नाही. "ज्यांना मी जन्मभर वाढलं त्यांनी एका रात्रीत माझ्यावर विश्वास ठेवला नाही. उद्या त्या माफी मागायला केक घेऊन येतील आणि मला तो गिळावा लागेल. नको. मी लेकीकडे जाते."

"चूक माझी आहे, व्हर्ना."

"आहेच तुझी. इतकी वर्षं टोपली ठेवून पळत होतास. दार उघडायला मी तिथेच, दाराच्या आत उभी असायचे, हे तुला माहीत होतं का? आणि शेवटी बोलायचं ठरवलंस, तर चरात रंग सोडून बोललास."

एलवुड टोपी हातात फिरवत राहिला. "काय म्हणायला हवं होतं मी?"

"'राहा' म्हणायचं होतं," व्हर्ना म्हणाली. "एवढंच. सही करायच्या आदल्या दिवशी जरी म्हणाला असतास, तर टाकी फुटकी असती आणि सगळं गाव तोंडावर थुंकलं असतं, तरी मी राहिले असते."