बुचोच्या पाण्यातलं मीठ

शिगेकी दातांच्या दवाखान्यात शिरला तेव्हा त्याचा उजवा गाल इतका सुजला होता, की बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली आणि ते निवांत त्याच्याकडे बघत बसले. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बुटांवर हिरवं शेवाळ, केसांत पावसाचं पाणी. सायोको उएमुरा डॉक्टर ओकुदांकडे दात साफ करायच्या कामावर बरीच वर्षं होती. घाबरलेले पुरुष तिला दारातूनच ओळखू येत. हा चांगलाच घाबरलेला होता.

"बसा. मागे टेका. तोंड उघडा."

त्याने तिन्ही गोष्टी केल्या, पण एकेक, आणि प्रत्येकीच्या आधी जरा विचार करून.

"तळ्यांवर काम करता?" तिने आरसा आत घालत विचारलं.

"आं."

"गोल्डफिश?"

"आं."

"मग... एक विचारू? माझ्या माशाचे खवले उभे राहिलेत. पाइनच्या फळासारखे."

त्याचे डोळे छतावरून निघाले आणि तिच्या मास्कच्या वर येऊन थांबले. जपानमधल्या यामातोकोरियामा या गावात निम्म्या घरांत गोल्डफिश आहेत, आणि उरलेल्या निम्म्या घरांत गोल्डफिशबद्दल मतं आहेत. खवले उभे राहिलेला मासा सहसा वाचत नाही, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सायोकोलाही ते माहीत होतं. तिला फक्त कुणीतरी वेगळं काही सांगायला हवं होतं.

डॉक्टरांनी दाढ कोरली, औषध भरलं, वरून तात्पुरतं सिमेंट लावलं. खोलीभर लवंगेचा वास पसरला. उरलेलं काम पुढच्या आठवड्यात, असं सांगून डॉक्टर हात धुवायला गेले. शिगेकीने चूळ भरली आणि अर्ध्या सुन्न ओठांनी विचारलं,

"खातो का?"

"मान फिरवतो."

"पोट?"

"फुगलंय."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात तिने मास्क खाली ओढला... आणि तो भलतंच बोलला.

"बघायला हवा."

"तुम्ही घरी जाऊन मासे बघता?"

"नाही," तो म्हणाला. "आजवर कधीच नाही."

माशाचं नाव बुचो, म्हणजे साहेब. दिवसभर तोंडाची उघडझाप करून हुकूम सोडायचे आणि कुणी ऐकत नाही याची पर्वा करायची नाही, या गुणावरून सायोकोनेच ते ठेवलं होतं. आठ वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या जत्रेत आईने तिला एका बँकवाल्या मुलाबरोबर पाठवलं होतं. कागदी झाऱ्याने मासे पकडायच्या खेळात त्याचे झारे एकामागून एक फाटले. शेवटी स्टॉलवाल्याने दया येऊन पिशवीत एक मासा घालून दिला. मुलाने तो तिला दिला आणि पुन्हा कधी फिरकला नाही. जत्रेतले मासे चार दिवस टिकत नाहीत. हा टिकला, फुगला, ऐटीत राहिला.

त्यानंतर जे जे स्थळ आलं, त्याला सायोकोचं उत्तर ठरलेलं असे. घरात वयस्कर मासा आहे, त्याला टाकून कुठे जाऊ? तिची आई, फुसाए, प्रत्येक वेळी म्हणायची, "हा मरेल त्या दिवशी मी लाल भात करीन." लाल भात या लोकांत आनंदाच्या दिवशी करतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं ते फुसाएनेच. तिने शिगेकीला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"माशासाठी आलात? फक्त माशासाठी?"

"हो."

"लग्न झालंय?"

"आई," आतून सायोको म्हणाली.

"माशाची चौकशी करतेय," फुसाए म्हणाली.

आजारी पडल्यापासून बुचोचा मुक्काम काचेच्या टाकीतून निघून दारातल्या चपलांच्या कपाटाशेजारी, एका निळ्या टबात आला होता. तिथे गारवा होता. शिगेकी उकिडवा बसला, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि वर बघितलं.

"मीठ किती घातलंय?"

"लिटरला चमचाभर," सायोको म्हणाली. "आजारी माशाला सगळे घालतात तेवढंच."

"हे तेवढं नाही. यात मुळा खारवता येईल."

मग सायोकोचे वडील, तोकुजी, खाकरले.

"मी एक चिमूट... सकाळी फिरायला निघताना."

"रोज?"

"फिरायला रोजच जातो ना."

शेजारच्या हामादाकाकू पर्सिमनची फळं घेऊन आल्या होत्या. त्यांनी ताटली खाली ठेवली. "मी पण थोडं घातलंय हो. येता-जाता. बिचारा वर बघत असतो."

सायोकोने आईकडे बघितलं. फुसाए खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मूठभर," ती शेवटी म्हणाली. "दोनदा. म्हटलं, एवढ्याने काय होतंय."

"तू तर लाल भात करणार होतीस."

"म्हणायला काय जातं," असं पुटपुटत फुसाए चहा करायला आत गेली.

पाणी एकदम बदलायचं नाही, थोडं थोडं करत गोडं आणायचं, असं शिगेकीने सांगितलं. ते थोडं थोडं करायला तो दुसऱ्या दिवशी आला, आणि मग रोजच येऊ लागला. बगळे येऊ नयेत म्हणून तळ्यांवर जाळी ओढली की त्याचा लहानसा ट्रक गल्लीत शिरायचा. पाण्याचा खारटपणा उतरल्यावर बुचोने खरंच डोकं वर काढलं आणि अर्धा मटार खाल्ला. तोकुजींनी ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोचवली.

"त्याला उचलताना हात आधी थंड करायचे," शिगेकीने शिकवलं. "आपला हात त्याला तव्यासारखा लागतो."

दोघांनी टबात हात बुडवून ठेवले. पाणी गार होतं. तिची करंगळी त्याच्या करंगळीला लागली आणि कुणी हात मागे घेतला नाही. हात थंड व्हायला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला.

"दाढेचं काय?" तिने पाण्याकडे बघत विचारलं. "पुढचा आठवडा येऊन गेला."

"दुखायची थांबलीय."

"दाढ थांबत नाही. तुम्हीच थांबलायत."

"मासा बरा झाला की येतो."

"म्हणजे तुमची दाढ माशावर अवलंबून?"

"सध्या सगळंच माशावर अवलंबून आहे," तो म्हणाला. मग त्याचे कान लाल झाले आणि तो टबातलं काहीतरी उगाच वाकून बघू लागला.

सायोको आता दवाखान्यातून आल्या आल्या कपडे बदलत असे. निळा स्वेटर वारंवार दिसतोय, हे हामादाकाकूंनी हेरलं. त्या फळं जास्तच आणू लागल्या.

एकदा तिने विचारलं, "तुमच्या तळ्यातल्या माशांना नावं असतात?"

"नाही. वसंतात पिल्लं निवडायची असतात. शेपटी वाकडी, पाठ वाकडी... ती बाजूला."

"बाजूला म्हणजे?"

"बाजूला," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "लहानपणापासून करतोय. हात थरथरत नाही. नाव कळलं असतं तर कदाचित थरथरला असता."

बुचोने मग मटार तोंडात घेऊन परत टाकायला सुरुवात केली. खवले पुन्हा उभे राहिले, आता डोक्यापर्यंत. शिगेकी रोज बघायचा आणि जाताना म्हणायचा, "उद्या बघू." सायोको लगेच मान हलवायची. तो "उद्या" तिला फार आवडायचा. उद्या काय बघायचं, हे तिने कधी विचारलं नाही.

रविवारी दुपारी बारीक पाऊस होता. बुचो टबात कुशीवर पडला होता, कल्ला तेवढा हलत होता. गल्लीत ट्रकचा आवाज आला. सायोको नेहमीसारखी खूश झाली. ती उठली, चपलांच्या कपाटावरच्या आरशात बघून तिने बट कानामागे सारली, ओठ जरा दाबून लाल केले... आणि आरशातच तिला मागचा टब दिसला. बुचोचा एक डोळा वर, तिच्याकडे. मासे सगळीकडेच तसे बघतात, त्यात अर्थ काढण्यासारखं काही नसतं. तरीही तिला स्वतःची लाज वाटली. मासा मरायला टेकला होता आणि ती केस नीट करत होती, कारण तो अजून मेला नव्हता.

ती चपला न घालता तशीच फाटकापर्यंत गेली.

"आत येऊ नका," ती म्हणाली. "आधी एक सांगा."

शिगेकी पावसात उभा राहिला.

"बुचो बरा होईल?"

"उद्या—"

"उद्याचं नको. तोंड उघडा आणि सांगा."

त्याने तोंड उघडलं. लवंगेचा वास आला, तात्पुरतं सिमेंट अजून तिथेच होतं.

"नाही होणार."

"केव्हा कळलं?"

"तुमच्या खुर्चीत. तेव्हा तोंडात आरसा होता, बोलता येत नव्हतं. चूळ भरल्यावर येत होतं... पण बोललो नाही."

"का?"

"सांगितलं असतं, तर या घरी काय म्हणून आलो असतो?"

सायोकोला रागवायचं होतं. राग आलाही होता. पण तो पुरता बाहेर पडेना, कारण त्यातला निम्मा तिचा स्वतःवरचा होता.

"मलाही कळलं होतं," ती म्हणाली. "त्याने मटार परत टाकला तेव्हाच. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही 'उद्या' म्हणालात की मला बरं वाटायचं."

"म्हणजे आपण दोघांनी..."

"हो. एका म्हाताऱ्याला ताटकळत ठेवलं. आपल्यासाठी."

पाऊस बारीक पडतच होता. त्याने कपाळावरचं पाणी पुसलं.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला.

"ही वेळ आहे का सांगायची?"

"नाही. पण बुचोला आता यात अडकवायचं नाही ना. म्हणून आधी सांगून टाकलं."

तिने त्याच्या शेवाळलेल्या बुटांकडे बघितलं.

"मलाही," ती म्हणाली. "आता आत या. हात थंड करून घ्या."

चपलांच्या कपाटात, पॉलिशच्या डबीमागे, तिने लवंगेच्या तेलाची लहानशी बाटली ठेवली होती. बुचोने मटार परत टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी आणलेली. ती काढून वळते, तर शिगेकीने जॅकेटच्या आतल्या खिशातून तसलीच एक बाटली काढलेली. तिच्या लेबलाचे कोपरे झिजले होते. पहिल्या संध्याकाळपासून ती त्याच्या खिशात होती. दोघांनी एकमेकांच्या बाटल्या बघितल्या.

"या तेलाने आधी झोप लागते," तो म्हणाला. "गाढ. मग कल्ला थांबतो, त्याला काही कळत नाही. मी घालू? मला सवय आहे."

त्याचा हात पुढे आला होता आणि थरथरत होता. तो स्वतःच त्याकडे जरा नवलाने बघत होता.

"नाव मी ठेवलंय," सायोको म्हणाली. "मी घालते."

तोकुजींनी घरातच असून डोक्यावरची टोपी काढली. फुसाए स्वयंपाकघराच्या पडद्याला धरून उभी राहिली. सायोकोने हात पाण्यात थंड केले आणि एक बुचोच्या पोटाखाली घातला, दुसऱ्याने पाण्यात तेल ओतलं. दाराशी दवाखान्याचा वास पसरला. खुर्चीतल्या घाबरलेल्या माणसांना ती रोज जे म्हणायची, तेच तिच्या तोंडून आपोआप आलं.

"झालंच हं. आता दुखणार नाही."

कल्ला हळू झाला, आणखी हळू झाला. तोंड एकदा उघडलं, मिटलं. तो शेवटचा हुकूम काय होता ते कुणाला कळलं नाही. शिगेकीचा हात पाण्यात तिच्या हाताशेजारी होता. कल्ला थांबल्यावरही दोघं बराच वेळ तसेच बसून राहिले. सायोकोला रडू सहसा येत नसे. त्या दिवशी आलं, आणि तिने ते आवरलं नाही.

बुचोला परसातल्या कॅमेलियाखाली पुरलं. खड्डा तोकुजींनी खणला, गरजेपेक्षा बराच खोल.

परतताना सगळे पुढच्या दारी आले, तर उंबऱ्यात फुसाए मिठाचं भांडं घेऊन उभी. मयताहून आलेल्याने अंगावर मीठ घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, हा नेम तिने माशासाठीही मोडला नाही. नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं, मुलीच्या टाकलं. मग ती थांबली. शिगेकी फाटकाशी, हातात ट्रकची किल्ली घेऊन उभा होता.

"तुमचं काम झालं," फुसाए म्हणाली.

"हो."

"घरी जाणार असाल तर मीठ तुमच्या दारात घ्या. या घरात येणार असाल तर इकडे या."

त्याने सायोकोकडे बघितलं. मग किल्ली खिशात घातली आणि आला. फुसाएने मूठ भरून मीठ त्याच्या दोन्ही खांद्यांवर टाकलं. थोडं कॉलरमध्ये गेलं.

"आई, चिमूटभर पुरतं."

"एवढ्याने काय होतंय," फुसाए म्हणाली आणि डोळे पुसत आत वळली. "जेवून जा. भात साधाच आहे."

सायोको त्याच्या कॉलरमधलं मीठ झटकू लागली. ते ओल्या कापडाला चिकटलं होतं, त्यामुळे वेळ लागत होता.

"उद्या..." शिगेकी म्हणाला, आणि थांबला. त्या शब्दापुढे आता मासा नव्हता. "उद्या कशासाठी येऊ?"

"सकाळी दवाखान्यात दाढेसाठी," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी इथे... नुसतेच या."