दुसरा हॉर्न

माणसाने समुद्राशी कधी खोटं बोलू नये. मी उभ्या हयातीत दुसरं काही केलं नाही, आणि त्याबद्दल मला पेन्शन मिळते.

काम सोपं होतं. हवामान कार्यालयातून आलेला इशारा धक्क्यावरच्या खोलीत बसून माईकवर वाचायचा. खांबावरचा भोंगा तो लांबवर पोचवायचा. ‘वादळी वारे, अतिवृष्टीची शक्यता, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये.’ मग लख्ख ऊन पडायचं. आम्ही ‘शक्यता’ म्हटलेलं असल्यामुळे चुकण्याची शक्यता नसायची.

ऐकू आलं की प्रत्येक होडीने एकदा हॉर्न वाजवायचा, असा रिवाज होता. माझा मामा दोनदा वाजवायचा. पहिला म्हणजे ‘ऐकलं’, दुसरा म्हणजे ‘पुरे’. वर संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणायचा, “ताई, तुझ्या पोराला सांग, समुद्र बहिरा नाही.” आई त्याला चहा द्यायची आणि बाजू माझी घ्यायची. धक्क्यावरच्या त्या खोलीत ओल्या लाकडाचा आणि तापलेल्या वायरचा वास असायचा, बाहेर एकामागून एक हॉर्न वाजत जायचे. ‘ऐकलं’ असं इतक्या जणांनी मला पुन्हा कधी सांगितलं नाही. घरात तर नाहीच.

एका पावसाळ्यात मामा गेला तो परतला नाही. होडीची फळीसुद्धा हाती लागली नाही.

पुढे इशारे मोबाइलवर येऊ लागले, मी निवृत्त झालो. खोलीत जुनी जाळी रचली गेली, वायर भंगारवाल्याने नेली, भोंग्यात कावळ्याने संसार थाटला. माईक तेवढा राहिला. तो भंगारवालाही घेईना.

गेल्या आठवड्यात लाल इशारा आला, आणि या खेपेला तो खरा निघाला. माझा धाकटा भाऊ सकाळीच होडी घेऊन गेला होता. जेवणवेळेला पाऊस असा उतरला की घरासमोरचा धक्का दिसेना. धाकट्याचा फोन बंद. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. छत्री हातात मिटलेली, स्वतः चिंब.

“दादा, त्यांना किनारा दिसत नसेल. तुम्ही भोंग्यावरून बोला.”

“अगं, वायर नाहीये त्याला.”

“माहितीये.”

“आणि तो जन्मात माझं ऐकत नाही.”

“आज ऐकतील,” ती म्हणाली.

तिच्या समाधानासाठी गेलो. जाळी सरकवून माईकसमोर बसलो. सवयीने आधी खोकलो.

बाहेर भोंगा खोकला.

कावळे उडाले. मी माईकमागून लोंबणारं वायरचं तुटकं टोक पाहिलं, तिनेही पाहिलं. मग दोघांनी तिकडे बघायचं टाळलं.

मी मोबाइलवरचा इशारा वाचून दाखवला. शेवटी पदरचं घातलं, “धक्का इकडे आहे. आवाजाच्या रोखाने ये, गाढवा.”

बराच वेळ नुसता पाऊस.

मग एक हॉर्न.

तिने माझा दंड घट्ट धरला. धाकट्याच्या होडीला हॉर्न नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

मग दुसरा.

दिवस मावळायच्या आत धाकटा धक्क्याला लागला. घरी आणून त्याला कोरडे कपडे दिले, चहा दिला. कप दोन्ही हातांत धरून तो बसून राहिला.

“भोंगा दुरुस्त केलास, बरं झालं,” तो म्हणाला. “पण आवाज चहूकडून यायला लागला. दिशा कळेना. तेवढ्यात पुढे एक होडी आली, तिच्या मागे मागे आलो.”

“कोणाची?”

“पाठमोरा होता. धक्का दिसायला लागल्यावर वळला.”

“कुठे?”

“परत आत.”

त्याच्या बायकोने खिडकी लावून घेतली.

“तुला निरोप दिलाय,” धाकटा म्हणाला. त्याची नजर कपातच होती. “म्हणाला, ‘ताईच्या पोराला सांग, आवाज जरा कमी ठेव. खाली सगळे झोपलेत.’”